साडूंचे दिवे आणि सासूबाईंची भिंत

दोघी बहिणींनी मिळून एक जुना ट्रक घेतला आणि तो आपापल्या नवऱ्यांच्या हवाली केला. बहिणींचं एकमेकींशी इतकं जमायचं की एकीने वाक्य सुरू करावं आणि दुसरीने ते संपवावं. नवऱ्यांचंही तसंच जमेल, असं त्यांनी गृहीत धरलं. तिथेच गणित चुकलं.

थोरलीचे यजमान पूर्वी शाळेची बस चालवायचे. मागे पोरांचा कालवा आणि पुढे रस्ता, अशी अर्धी हयात गेल्यामुळे वळण दिसायच्या आधीच त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. धाकटीच्या नवऱ्याने वर्तमानपत्रांचे गठ्ठे पोचवणारी गाडी चालवलेली. उशीर झाला की छापलेली बातमी शिळी होते, हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्याचा हात कायम हॉर्नवर. ट्रक जिथे उभा राहायचा त्या अड्ड्यावरच्या लोकांनी दोघांना पाहिलं आणि आठवड्याभरात एकाचं नाव ब्रेक आणि दुसऱ्याचं हॉर्न ठेवून टाकलं. घरात मात्र ते थोरले आणि धाकटा असेच राहिले.

एक आठवडा थोरले ट्रक चालवायचे, एक आठवडा धाकटा. दोघांचं बोलणं काय ते किल्ली देता-घेताना. "काही विशेष?" "काही नाही, साडूभाऊ." एवढ्यावर संपायचं. भांडण असं कधीच झालं नव्हतं. भांडायला आधी थोडी ओळख लागते.

काम चांगलं होतं. धाकटी एका मोठ्या रोपवाटिकेत देखरेख करायची आणि तिथली रोपं शहरातल्या बाजारात पोचवायचं काम तिने ट्रकला मिळवून दिलं होतं. ऊन चढलं की ट्रेमधली कोवळी रोपं माना टाकतात, म्हणून ट्रक पहाटे अंधारातच निघायचा. रस्ता नदीच्या कडेने. वर्षातले निम्मे दिवस तिथे धुकं. आणि ट्रकचे हेडलाईट म्हणजे नुसता देखावा. काचा पिवळ्या पडलेल्या, आतला चकचकीत मुलामा उडालेला. दिवे लागले आहेत की नाहीत हे बघायला धाकट्याला एकदा खाली उतरून पुढे जावं लागलं होतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात एचआयडीने घर केलं. साध्या बल्बमध्ये तार तापते आणि उजेड पडतो. एचआयडीच्या बल्बमध्ये तारच नसते. काचेच्या इवल्या गोळीत वायू भरलेला असतो आणि बॅलास्ट नावाची एक छोटी डबी त्याला विजेचा असा काही झटका देते की तो पेट घेतल्यासारखा उजळतो. हे सगळं त्याने अड्ड्यावर ऐकलं होतं. त्याने थोरल्यांना फोन केला आणि नवे दिवे बसवू या का, असं विचारलं. थोरले म्हणाले, विचार करू. थोरल्यांच्या भाषेत विचार करू म्हणजे नाही. धाकट्याच्या भाषेत विचार करू म्हणजे हो. तो त्याच दुपारी दुकानात गेला.

दुकानदाराने एका फळीवर बल्ब ओळीने लावून ठेवले होते आणि खाली प्रत्येकाचं बटण होतं. एक दाबलं की किंचित पिवळसर पांढरा उजेड, दुसरं दाबलं की दुधासारखा, शेवटचं दाबलं की निळाशार. धाकट्याने शेवटचं बटण तीनदा दाबून पाहिलं. दुकानदाराने त्याला सांगितलं की निळा दिसायला भारी असतो, पण ओल्या रस्त्यावर आणि धुक्यात फार कामाचा नाही. शिवाय ट्रकचे जुने हेडलाईट साध्या बल्बसाठी घडवलेले, त्यात हा बल्ब घातला तर उजेड वाटेल तिकडे उधळेल. एवढ्या सगळ्यातलं धाकट्याने 'दिसायला भारी' तेवढं ऐकलं. तासाभरात ट्रकला निळे दिवे लागले आणि तो शीळ घालत बाहेर पडला.

आता या दोघी बहिणींची आई. नवरा गेल्यावर त्यांनी शिवणकामाचं दुकान काढलं, दोघी मुलींना त्यावर वाढवलं आणि आता दुकान बंद करून त्या गावाच्या टोकाला आपल्या छोट्या घरात एकट्या राहत होत्या. जावयांशी त्या अहो-जाहोनेच बोलायच्या. पण कापड बेतताना ज्या नजरेने बघायच्या, त्याच नजरेने जावयांकडेही बघायच्या. कुठे आखूड आहे, कुठे ढगळ, हे त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं.

त्या संध्याकाळी थोरले त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्कूटरवर घरी आणत होते. तपासणी उत्तम झाली होती. या वयात असे डोळे फार कमी लोकांचे असतात, असं डॉक्टर म्हणाले होते आणि सासूबाई ते थोरल्यांच्या पाठीमागून दुसऱ्यांदा सांगत होत्या. अंधारून येत होतं. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एक गाडी आली आणि थोरल्यांना एकदम काही म्हणजे काही दिसेना. रस्ता नाही, कडा नाही, स्वतःचं हँडल नाही. नुसता निळा-पांढरा लोळ. त्यांनी सवयीने ब्रेक दाबला. स्कूटर मुळातच हळू होती, ती आणखी हळू झाली आणि अगदी सावकाश रस्ता सोडून शेजारच्या कोबीच्या शेतात उतरली. तिथे तिने अंग टाकलं. गाडी जोरजोरात हॉर्न वाजवत निघून गेली.

थोरल्यांचा गुडघा खरचटला. ते धडपडत उठले आणि सासूबाईंना शोधू लागले. त्या दोन कोबींच्या मधे, ओल्या मातीत, पाय समोर पसरून ताठ बसल्या होत्या. पर्स मांडीवर. थोरल्यांनी कुठे लागलं का म्हणून विचारलं. त्यांनी आधी एक हात हलवून पाहिला, मग दुसरा, मग दोन्ही पाय.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तो हॉर्न आपल्या घरातला होता."

थोरल्यांनीही तो ओळखला होता. दोन लांब, एक आखूड. त्यांनी स्कूटर उभी केली, सासूबाईंना हात दिला आणि दोघं स्कूटर ढकलत चालत घरी आले.

अर्ध्या तासाने सासूबाईंच्या दारात तोच हॉर्न वाजला. एक फेरी मारायची आणि मग नवे दिवे सगळ्यांत आधी आईंना दाखवायचे, असं धाकट्याने ठरवलं होतं. तो खुशीत आत आला. थोरले खुर्चीवर पाय पसरून गुडघ्याला औषध लावत होते. ते इथे कसे काय, एवढंही त्याच्या मनात आलं नाही. तो सांगत सुटला की आई, तुम्ही बाहेर येऊन बघाच, असा उजेड या रस्त्यावर कुणाकडे नाही, समोरच्या गाड्या आपोआप बाजूला होतात.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आम्हीपण झालो."

त्याला कळलं नाही. मग त्याने त्यांच्या साडीवरचा चिखल पाहिला. थोरल्यांचा गुडघा पाहिला. दाराबाहेर स्कूटरच्या हँडलमध्ये अडकलेलं कोबीचं पान पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"चांगले दिवे लावलेत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

धाकटा पायरीवर बसला. हळू होती म्हणून, स्कूटर हळू होती म्हणून, एवढंच तो दोनदा पुटपुटला. मग उठला, आत जाऊन पाणी गरम करून आणलं आणि थोरल्यांच्या पायाशी बसून गुडघ्याभोवतीची माती पुसू लागला. थोरल्यांना कसंतरीच झालं. त्यांना रागावायचं होतं. रस्ताभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, पण पायाशी बसलेल्या माणसाला ती ऐकवणार कशी?

"उजेड पाहिजेच होता," शेवटी ते म्हणाले. "ते तुमचं बरोबर आहे. मलाच गेली दोन वर्षं दिसत नव्हतं नीट. पण सांगायचं कुणाला."

धाकट्याने मान वर केली. त्याला वाटत होतं की थोरल्यांना अंधारातही दिसतं, म्हणून ते बोलत नाहीत.

सासूबाई कोरडी साडी नेसून बाहेर आल्या आणि त्यांनी निकाल दिला. हे दिवे उद्याच्या उद्या काढायचे. नवे दोघांनी मिळून आणायचे, दोघांनी मिळून बसवायचे. आणि ट्रक रस्त्यावर नेण्याआधी इथे, त्यांच्या घराच्या बाजूच्या भिंतीसमोर उभा करायचा. समोरून येणारा माणूस म्हणून त्या स्वतः बसतील. त्यांचे डोळे उत्तम आहेत, डॉक्टरांनी आजच सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं साडू दुकानात गेले. दुकानदाराने धाकट्याकडे बघून नुसती मान हलवली आणि या वेळी पहिल्यापासून सगळं समजावलं. नुसता बल्ब बदलून भागणार नाही. हेडलाईटच्या आत प्रोजेक्टर बसवावा लागेल, म्हणजे एक वाटीसारखं घर आणि पुढे जाडजूड गोल भिंग. आत पत्र्याची एक पट्टी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. त्यामुळे डिपरवर, म्हणजे जवळच्या दिव्यावर, उजेड वरच्या बाजूला कापल्यासारखा सरळ रेषेत थांबतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. अप्पर लावला की पट्टी खाली पडते आणि लांबचा रस्ता उजळतो. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, तेव्हा बॅलास्टही चोवीस व्होल्टचाच घ्यावा लागेल.

हे ठरलं. राहिला रंगाचा प्रश्न. धाकट्याची नजर अजून फळीच्या निळ्या टोकाकडे जात होती. थोरले मात्र फळीसमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, इथे जवळपास चहाची किटली मिळेल का. दुकानदाराला वाटलं चहा हवा आहे. थोरले म्हणाले, चहा नको, वाफ हवी.

शेजारच्या टपरीवरून उकळती किटली आली. थोरल्यांनी ती एकेका बल्बसमोर धरली आणि धाकट्याला पलीकडे उभं केलं. निळ्यासमोर वाफ नुसती पांढरी भिंत झाली. त्यातून धाकटा दिसेनाच. दुधी उजेडात त्याचा आकार दिसला. पिवळसर पांढऱ्यात त्याच्या मिशा दिसल्या. मग दोघांनी जागा बदलल्या. आता थोरले वाफेपलीकडे आणि धाकटा बघणारा. तोच निकाल. दुकानात आलेली दोन-तीन गिऱ्हाइकंही रांगेत उभी राहून वाफेतून बघू लागली.

"हे मला सात जन्मांत सुचलं नसतं," धाकटा म्हणाला. दुकानातून बाहेर पडताना प्रोजेक्टरचं खोकं थोरल्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि चहाही त्यांनीच पाजला.

बसवायचं काम अड्ड्याजवळच्या वायरिंगवाल्या बाईंकडे होतं. ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं की त्या दुपारपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. वायर तपासायचा टेस्टर त्यांच्या अंबाड्यात खोचलेला असायचा. त्यांनी हेडलाईट हातात फिरवून पाहिले आणि म्हणाल्या की पुढची काच उघडावी लागेल. ती काळ्या गोंदाने चिकटवलेली असते आणि गोंद गरम झाल्याशिवाय सुटत नाही. गरम हवेच्या पंख्याने केलं तर दिवस जाईल आणि काच वाकडी व्हायची भीती. सगळीकडून सारखी आणि मंद आच मिळाली तर काम सोपं.

थोरल्यांनी घसा खाकरला. त्यांची बायको घरी स्पंज केक आणि बिस्किटं करून दुकानांना द्यायची. तिच्याकडे भट्टी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या भट्टीचं दार उघडायची त्यांची कधी हिंमत झाली नव्हती.

थोरलीने आधी नाही म्हटलं. मग आईचा निरोप ऐकला आणि हो म्हटलं. अट एकच, भट्टीला हात फक्त ती लावणार. तिने बिस्किटांचे ट्रे बाहेर काढले, आतली जाळी पुसली, त्यावर ओला फडका पसरला आणि दोन्ही हेडलाईट लेकरं निजवावीत तसे आत ठेवले. आच किती, हे वायरिंगवाल्या बाई सांगू लागल्या तर तिने त्यांना गप्प केलं. अंड्याच्या फेसाचं मेरिंग वाळवायची आच, ती म्हणाली, त्याहून एक कण जास्त नाही. मग थोरली, धाकटी, दोघं साडू आणि वायरिंगवाल्या बाई असे पाचजण भट्टीच्या काचेसमोर वाकून उभे राहिले. केक फुगतोय का बघावं तसे सगळे बघत होते. धाकट्याने हळूच विचारलं की सुरी खुपसून बघायचं का. थोरली हसली नाही, पण थोरले हसले. त्यांना असं खळखळून हसताना धाकट्याने पहिल्यांदाच पाहिलं.

काच सायीसारखी सुटून आली. गोंदाचा काळा धागा लांब ताणला गेला आणि तुटला. घरभर रबराचा वास पसरला तशी थोरलीने सगळ्यांना हेडलाईटसकट अंगणात हाकललं आणि खिडक्या उघडल्या.

पुढचं काम दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवसभर चाललं. आतला उडालेला मुलामा पुसून काढायचा, प्रोजेक्टर मधोमध बसवायचा, मागून चकती आवळायची, नवा गोंद भरून काच परत दाबायची. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, असं बाईंनी बजावलं. हाताचं तेल लागलं की तो लवकर जातो. थोरल्यांनी बायकोचे स्वयंपाकघरातले कोरे हातमोजे आणले आणि बल्ब असा उचलला की जणू त्यात कुणीतरी झोपलं आहे. बॅलास्ट पाणी उडणार नाही अशा जागी पक्के केले. जुन्या वायरींवर एवढा भार नको म्हणून बाईंनी बॅटरीपासून थेट नवी जाड वायर ओढली. मधे फ्यूज आणि रिले. दिव्यांचं जुनं बटण आता फक्त इशारा देणार, ताकद बॅटरीतून येणार.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने केबिनमध्ये बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून बघायचं. तेव्हा बोलणं आलंच. सकाळी ते असं होतं: "साडूभाऊ, जरा डिपर लावता का?" "लावतो. लागला का?" "नाही लागला. तसदीबद्दल माफ करा." बाई वैतागल्या. त्या म्हणाल्या, असं बोलत राहिलात तर उद्या सकाळ होईल. दुपारी ते "लावा" आणि "बंद" वर आलं. वायर चुकून उलटी जोडली गेली तेव्हा थोरल्यांच्या तोंडून "अरे थांब, थांब" असं निघून गेलं आणि दोघांनाही काही वेगळं घडल्यासारखं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत धाकटा केबिनमधून ओरडत होता, "दादा, आता बघ."

थोरल्यांनी बघितलं. आत टक असा बारीक आवाज झाला. भिंगाच्या तळाशी आधी जांभळी ठिणगी उठली, मग ती निळी झाली, मग फिकट होत होत तीन-चार श्वासांत ऊबदार पांढऱ्या उजेडावर स्थिर झाली. दोन्ही बाजूंना सारखी. थोरले तिथेच उभे राहिले. अप्पर लावला, पुन्हा टक, आणि समोरच्या झाडाचा शेंडा दिसला. डिपर केला, शेंडा पुन्हा अंधारात गेला.

"काय दिसतंय?" धाकट्याने विचारलं.

"उतर आणि तूच बघ," थोरले म्हणाले.

मग ट्रक सासूबाईंच्या घरी गेला. त्यांच्या घराची बाजूची भिंत लांबलचक, एकही खिडकी नसलेली आणि महिन्यापूर्वीच पांढरी रंगवलेली. तिच्यासमोर सपाट मोकळी जागा, जिथे गल्लीतले लोक कपडे वाळत घालायचे. दोऱ्या सोडल्या, ट्रक भिंतीकडे तोंड करून उभा केला. भिंतीवर खुणा कराव्या लागतील असं धाकट्याने भीत भीत सांगितलं. सासूबाई आत गेल्या आणि जुन्या दुकानातला शिवणाचा खडू आणि टेप घेऊन आल्या. भिंतीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, म्हणाल्या. त्यांनी ट्रकच्या भिंगाची जमिनीपासूनची उंची मोजली, भिंतीवर मोजली, वायरिंगवाल्या बाईंनी सांगितलं तेवढी खाली एक रेघ मारली. पट्टी न लावता मारलेली, पण दोरीसारखी सरळ.

दिवे लागले. भिंतीवर उजेडाचा काठ उमटला, खाली पांढरं आणि वर काळोख. पण काठ रेघेच्या वर होता. दोघं साडू दिव्यांमागच्या, उजेड वर-खाली करणाऱ्या स्क्रूला हात घालणार, एवढ्यात थोरले थांबले. त्यांना शाळेची बस आठवली होती. मागच्या बाकांवर पोरं भरली की बसचं तोंड वर व्हायचं आणि दिवे झाडांवर जायचे. ट्रक आत्ता रिकामा होता. रिकाम्या ट्रकवर दिवे जुळवले, तर रोपं भरल्यावर ते पुन्हा लोकांच्या डोळ्यांत जाणार.

"मग आता वजन कुठून आणायचं?" धाकटा म्हणाला आणि सभोवार बघू लागला. गल्लीतले लोक काय चाललंय ते बघायला जमलेच होते. त्याने ट्रकचा मागचा फाळका सोडला आणि सगळ्यांना नम्रपणे वर यायचं निमंत्रण दिलं.

आधी मुलं चढली. मग मुलांना सांभाळायला आया चढल्या. न्हाव्याने दुकान ओढून घेतलं आणि तो चढला. कोपऱ्यावरच्या सुताराला चढताना थोडं ढकलावं लागलं, पण तो चढल्यावर ट्रक चांगलाच खाली बसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना आपलं वजन सांगायला आवडत नाही, त्यांनीही त्या संध्याकाळी ते मोठ्याने सांगितलं. धाकटी रोपांच्या ट्रेंचं वजन बोटांवर मोजत होती. अजून दोघं हवीत, ती म्हणाली. तेव्हा ती आणि थोरली पदर खोचून वर चढल्या.

भिंतीच्या बाजूला, समोरून येणारी गाडी जिथे असेल तिथे, सासूबाई लाकडी खुर्चीवर बसल्या. हात असे धरलेले की जणू स्कूटरचं हँडल आहे.

"डोळ्यांत येतंय," त्या म्हणाल्या. थोरल्यांनी स्क्रू फिरवला. "अजून." फिरवला. "आता डावा बरोबर. उजवा एक बोटभर वर आहे." वायरिंगवाल्या बाईंनी टेप लावून पाहिला. तो बोटभरच वर होता. उजवा खाली आला. सासूबाई एक डोळा मिटून बसल्या, मग दुसरा मिटून, मग दोन्ही उघडून थेट ट्रककडे बघत राहिल्या. मागे माणसांनी श्वास रोखून धरला होता.

"आता मला तुमच्या गाडीचा नंबर वाचता येतोय," त्या म्हणाल्या. "बसवा पक्कं."

स्क्रू आवळले. थोरले काठ बरोबर रेघेवर आहे ना हे शेवटचं बघायला भिंतीजवळ गेले आणि त्यांचा हात उजेडात आला. भिंतीवर केवढी तरी मोठी सावली पडली. ट्रकमधून एक पोर खिदळलं. थोरल्यांनी मागे वळून पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, बोटं अशी काही दुमडली आणि भिंतीवर कुत्रा आला. त्याने कान हलवले. तोंड उघडलं, जांभई दिली. ट्रकमधून एकच गलका उठला. कुत्र्याचा ससा झाला, सशाची बदकीण झाली, बदकीण भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेली. पाऊस पडला की शाळेची बस तासन्‌तास अडकायची, तेव्हा पोरं रडू नयेत म्हणून ते हे करायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं. थोरलीला हे माहीतच नव्हतं. ती ट्रकच्या कठड्याला टेकून नवऱ्याकडे बघत होती, आणि धाकटीने तिला कोपराने ढोसलं तरी तिला कळलं नाही.

"जावईबापू," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंत?"

"कुणी विचारलं नाही, आई."

"मग आता विचारते. हत्ती येतो का?"

हत्ती एकट्याने होत नव्हता. सोंडेला तिसरा हात लागत होता. धाकटा केबिनमधून उडी मारून आला, थोरल्यांच्या मागे उभा राहिला आणि त्यांच्या काखेतून हात पुढे काढला. पहिल्यांदा सोंड कानातून उगवली. दुसऱ्यांदा जमलं. हत्तीने सोंड उचलून ट्रकला सलाम केला आणि सुताराने इतक्या जोरात पाय आपटले की भिंतीवरचा उजेडाचा काठ नाचू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक रोपांनी भरला. आठवडा धाकट्याचा होता, पण थोरलेही आले. दोघांच्या मधे सासूबाई. आपण जे तपासलं ते रस्त्यावर कसं दिसतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी स्वेटर घातला, डोक्याला रुमाल बांधला, ट्रकच्या पायरीवर पाय ठेवून कुणाचाही हात न घेता वर चढल्या आणि म्हणाल्या की आता एक मिनिटही डोळे मिटणार नाही.

नदीकाठी धुकं होतं. धाकट्याने वेग कमी केला. पांढरा उजेड धुक्याच्या खालून रस्त्यावर सरकत गेला, आणि रस्त्याची कड, कडेची गवताची पाती, दूरचा मैलाचा दगड एकेक करून समोर येत गेले. आजवर इथून जाताना दोघंही पुढे वाकून, काचेला नाक लावून गाडी चालवायचे. आज धाकटा पाठ टेकून बसला होता. पलीकडून एक टँकर आला. त्याच्या चालकाने जवळ येताना खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि धाकट्याने हॉर्नऐवजी हातच हलवला. थोरले खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याकडेला वडाचं केवढं तरी मोठं झाड होतं. एवढ्या वर्षांत ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आई, ते झाड बघितलंत?" ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. सासूबाईंची मान थोरल्यांच्या खांद्यावर कलंडली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. धाकट्याने आवाज खाली आणला.

"उठवू का?"

"नको. झोपू दे. येताना दाखवू."

धाकट्याने थोडा वेळ विचार केला. "दादा, येताना सूर्य वर आलेला असेल. दिवे कसले दिसणार?"

थोरल्यांनी खांदा न हलवता मान वळवली. समोर पूल आला होता. उजेड त्याच्या कठड्यावरून घसरत पाण्यावर गेला.

"मग उद्या परत आणू," ते म्हणाले.